लाल पट्टा

टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून नंदकुमार झाडाच्या खोडावरचा लाल पट्टा खसाखसा घासत होते. रविवार होता. शेजारचा आंतोन चर्चला गेलेला, म्हणजे तासभर तरी घोर नव्हता.

टोरांटोतल्या नॉर्थ यॉर्कच्या त्या कॉम्प्लेक्समागे ओळीने स्प्रूसची अकरा झाडं. सोमवारी झाडं कापणार अशी नोटीस लागली, कुठली ते लिहिलं नव्हतं, आणि काल हा आंतोन ब्रश घेऊन नेमका याच झाडाशी. अकरा झाडांत बायकोचं, मृणालिनीचंच बरं सापडलं त्याला. तिने स्वतःच्या हाताने लावलेलं. ती गेल्यापासून नंदकुमार सकाळचा चहा इथे उभ्यानेच घेत, तेवढाच काय तो तिचा सहवास.

या माणसाचं मुळात काही खरं नव्हतं. घरात जर्मन बोलतो, पण जर्मनी कधी पाहिलेली नाही. पूर्वजांना म्हणे लाकूडतोडीसाठी रोमानियाच्या डोंगरात नेऊन वसवलं, तेव्हापासून सगळं खानदान जंगलात. सात पिढ्या झाडं पाडण्यात गेलेला माणूस, आणि कॉम्प्लेक्सचा कारभार बघणारे काँडो बोर्डवाले त्याच्याच हातात ब्रश देतात.

"बाबा, just ask him ना," अबोली फोनवर म्हणाली होती.

"विचारायचं काय त्यात? दिसतंय की," नंदकुमार म्हणाले होते.

पट्टा गेला. नखांत बसलेला रंग मात्र साबणानेही निघेना.

सोमवारी ते ग्रोसरी घेऊन परतले, तर मागे सगळं उजाड. अकराच्या अकरा झाडं आडवी. तिचंही. नंदकुमारांनी पिशव्या तिथेच खाली ठेवल्या.

तिच्या झाडाच्या खुंटापाशी आंतोन गुडघे टेकून बसला होता.

"सगळीच पाडायची होती," तो मान वर न करता म्हणाला. "हे एक मी बोर्डाशी भांडून मागून घेतलं. तुमच्या मिसेसचं म्हणून. आमच्या जंगलात राखायच्या झाडाला लाल पट्टा मारतात. क्रूलाही सांगितलं होतं, पट्ट्याचं सोडा."

नंदकुमारांनी लाल नखांचा हात खिशात घातला. "पावसाने गेला असेल," ते कसंबसं म्हणाले.

"तो रंग पावसाने जात नाही."

आंतोनने पडलेल्या झाडाची हिरवी डहाळी मोडून खुंटाच्या फटीत खोचली. झाडाचा निरोप घ्यायची त्याच्या गावची रीत होती. दुसरी त्याने नंदकुमारांपुढे धरली.

नंदकुमारांनी खिशातून हात काढला नाही.