दांड्यावरचं फडकं

"भट्टीतून काढलेल्या पॅनच्या दांड्यावर फडकं टाकायचं. फडकं नसलं की पॅन गार, बिनधास्त धरायचा." वस्तादांनी नव्या मुलीला शिकवलेला हा पहिलाच धडा. ती त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

काल तिचं सूप चाखून हॉटेलचे मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "वस्ताद, आता तुम्ही घरी आराम करायला मोकळे!" सगळ्यांत मोठ्याने वस्तादच हसले.

आज ऐन गर्दीत त्यांनी हाक दिली, "ओट्यावरचा पॅन आण गं!" दांड्यावर फडकं नव्हतं. तिने तो घट्ट धरला आणि किंचाळली.

"चुकलं माझं, वस्ताद. फडकं खाली पडलं असेल, मीच बघायला हवं होतं."

"असू दे, बाळा. नवख्याकडून होतंच असं." त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून हळुवारपणे तिच्या हाताला गुंडाळलं.

फडकं अजून गरम होतं.