अपघात शून्य

आगीचा विनाचालक बंब चौकातच थांबला. "समोर अडथळा आहे," तो म्हणाला.

अडथळा म्हणजे झेंडूचा हार. खंडेनवमीची पूजा करून फायरमन दत्तू खरमाटेनं सकाळी स्वतःच घातलेला. आता घसरून कॅमेऱ्यावर आला होता. उतरून ओढला की झालं. पण ठिकाणावर पोचल्याशिवाय दारं उघडायची नाहीत, असा पालिकेचा सुरक्षा नियम होता.

समोरच्या जळत्या इमारतीतून पुतणीचा फोन आला.

"काका, बंब दिसतोय मला. थांबलात का?"

दत्तूनं काचेवर कुऱ्हाड घातली. काचही न फुटणारी होती.

"कृपया सीटबेल्ट लावा," बंब म्हणाला.

फोनवर खोकला ऐकू आला, मग काहीच नाही.

मार्चमध्ये बंबाला पालिकेचं अपघातमुक्त वाहनाचं पारितोषिक मिळालं. नगराध्यक्षांनी त्याला हार घातला.