तळघरातलं घड्याळ

उपग्रहाकडून येणारी वेळ सकाळीच बंद पडली. सगळ्या वीजकेंद्रांची घड्याळं जुळली नसती, तर अख्खं शहर बंद पडलं असतं. नियंत्रण कक्षातल्या बाईंनी तळघरातल्या घड्याळाचे ठोके तारेवरून सगळीकडे सोडले. ते घड्याळ वीस वर्षं त्यांच्या नवऱ्यानं सांभाळलं होतं. नवरा जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

ठोके नीट जातायत ना, हे ऐकायला बाईंनी त्याच तारेला जोडलेला फोन कानाला लावला. प्रत्येक ठोक्यानंतर कुणीतरी हळूच श्वास सोडत होतं.

"तळघरात कोण आहे रे?"

"कुणी नाही, बाई. कुलूप आहे," शेजारचा ऑपरेटर म्हणाला.

श्वास ओळखीचा होता. बाई फोनमध्ये पुटपुटल्या, "अहो, जेवलात का?"

एक ठोका चुकला. समोरच्या फलकावर सगळ्या केंद्रांची घड्याळं एकदमच सेकंदभर थांबली.