गच्चीवरचा नळ

पाण्याचा नमुना घेण्याआधी नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, हे धाकटीकडून प्रशिक्षणात दहा आठवडे घोकून घेतलं होतं. त्याप्रमाणे तिनं गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला, बाटलीचं बूच काढलं, आणि नेमका तेव्हाच लंबूचा फोन आला.

लंबू म्हणजे प्रशिक्षणातली तिची खोलीतली जोडीदारीण. दोघी एकाच गावच्या नसल्या तरी एकाच भाषेच्या. दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून या परक्या देशात आलेल्या. लंबूला प्रशिक्षण केंद्रावरच ठेवून घेतलं आणि धाकटीला पाणी तपासायला या लहानशा गावात धाडलं. घरी आईशी फोन व्हायचा, नाही असं नाही. पण आईला ‘छान चाललंय’ एवढंच सांगायचं असतं.

झालं, नळ विसरला. धाकटी कठड्याला टेकली आणि दोघींची गाडी सुरू झाली. सहाजणींत एकच आरसा असलेली ती खोली, पहाटे बाथरूमसाठीची भांडणं, नव्या भाषेतली क्रियापदं पाठ करता करता लागलेली झोप. प्रमाणपत्र घ्यायला जाताना लंबूची चप्पल तुटली आणि ती तशीच एका पायाने लंगडत मंचावर चढली, ते आठवून दोघींची हसून हसून पुरेवाट झाली. आणि हसता हसता धाकटीनं डोळे पुसले. किती लवकर संपलं ते सगळं.

मग लंबूनं मुद्द्याचं सांगितलं. केंद्रात जागा निघाली होती, नव्या तुकडीला शिकवायला. केंद्राच्या सरांना संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं.

‘‘येतेस का परत?’’

धाकटीच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. इथे कुणी वाईट वागवत होतं असं नाही. उलट फारच चांगलं. घरमालकीण शिवणकाम करायची, तिला ती मावशी म्हणायची. ही मावशी तिला चांगली खुर्ची द्यायची, पहिला चहा द्यायची आणि कपबशीसुद्धा विसळू द्यायची नाही. गावात कुणाच्या दारात गेलं, की लोक खुर्ची पुसायचे, सगळ्याला मान डोलवायचे आणि ती वळली की दार लावून घ्यायचे. तीन आठवडे झाले, ती पाहुणीच राहिली होती. आणि पाहुणी म्हणून दोन वर्षं काढायची म्हणजे काय, ते ज्यानं काढलंय त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी सांगते म्हणून तिनं फोन ठेवला, तेव्हा नळ नुसता फुरफुरत होता. तिनं टाकीत डोकावून पाहिलं. खडखडाट. पाणी यायचं मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि आज बुधवार. गच्चीच्या पन्हाळीतून सगळं पाणी खाली गल्लीत गेलं होतं आणि शेजारपाजार वर मान करून बघत होता.

जिना दणादण वाजला. मावशी वर आली, गळ्यात मोजपट्टी तशीच.

‘‘तुझे डोळे कुठे होते गं?’’ मावशीनं तोंड सोडलं. ‘‘घरोघर जाऊन पाणी जपा, पाणी जपा म्हणून सांगतेस, आणि अख्खी टाकी रस्त्यावर ओतलीस? आईनं हेच शिकवलं का?’’

एवढ्यावर थांबली असती तर ती मावशी कसली. तिनं धाकटीच्या वेंधळेपणाचा, फोनचा, आजकालच्या पोरींचा असा काही उद्धार केला की गल्लीतल्या लोकांनी कामं बाजूला ठेवली. मग दोन बादल्या तिच्या हातात कोंबल्या. चार घरं फिरून पाणी माग, म्हणाली, मी येणार नाही तोंड दाखवायला. आणि शुक्रवारी पहाटे पाच वाजता नळाला पाइप लावून तूच उभं राहायचंस, टाकी भरेपर्यंत जागचं हलायचं नाही.

धाकटीला रडू आलं. शरमेनं आलंच, पण नुसतं शरमेनं नाही. घरी दिवसातून चारदा बोलणी खाणारी पोर ती. इतक्या दिवसांत तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता.

सुताराच्या घरी ती मान खाली घालून गेली. गेल्या आठवड्यात याच घरी तिला उंबऱ्यावरून वाटेला लावलं होतं. आज सुतारीणबाई हसत हसत तिला थेट मागच्या मोरीपाशी घेऊन गेली. तिच्या सासूनं, आपण नवी नवरी असताना विहिरीत दोर-बादली दोन्ही कशी घालवली, ते रंगवून सांगितलं. वर, बादली काठोकाठ भरू नकोस, जिन्यात सांडशील, असंही सुनावलं. तिसऱ्या घरापर्यंत धाकटी गुडघ्यापर्यंत भिजली होती. तिथल्या बाईनं बादली भरता भरता आपणहून विचारलं, ‘‘त्या बाटलीत तू बघतेस तरी काय गं?’’ धाकटी तिथंच मोरीच्या कडेला बसली आणि सांगत राहिली. बादली केव्हाच भरली होती.

संध्याकाळी लंबूचा फोन आला. सर समोरच बसलेत, म्हणाली, काय सांगू?

‘‘नाही जमणार म्हण.’’

लंबूला खरंच वाटेना. एवढी आठवण काढून काढून रडत होतीस ना, मग आता काय झालं, तिनं विचारलं. धाकटीनं बादल्यांनी भरून आलेले खांदे चोळले.

‘‘शुक्रवारी पाणी येतं गं इथे,’’ ती म्हणाली. ‘‘नळावर मला उभं राहायचंय.’’