डावी कूस

पडदा चार बोटं आखूड पडला. स्टुलावर चढलेल्या वायरमनने तो खाली ओढून पाहिला आणि शेवटी कपाळाला हात लावला. जन्मभर लोकांच्या घरी वायरी मोजून दिल्या, स्वतःच्या घरातला पडदा काही मोजता आला नाही.

"राहू द्या," बायको म्हणाली. "चार बोटांतून कोण बघतंय?"

खोली एकच. पडद्याच्या पलीकडे लोखंडी खाटेवर त्याची आई. तिचं कमरेखालचं अंग वर्षापूर्वी लुळं पडलं होतं, कूससुद्धा दुसऱ्याने बदलावी लागे. अलीकडे नवराबायकोचा पलंग. लग्नाला पाच आठवडे झाले होते आणि दोघं अजून नुसतीच शेजारी शेजारी झोपत होती.

तिला भीती वाटायची. त्याने जवळ घेतलं की तिचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं. तो चिडला मात्र एकदाही नाही. शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. बाईंनी एक ट्यूब लिहून दिली. म्हणाल्या, दमलेले असाल तेव्हा नको. घाई नको. खाली जुना टॉवेल घाला, म्हणजे चादरीची काळजी नको. आणि मुख्य म्हणजे बोलत राहा. दुखलं तर दुखतंय म्हणायचं, थांब म्हणायचं. गप्प राहून सोसायचं नाही.

सगळं जमण्यासारखं होतं, या बोलण्यापाशी घोडं अडलं होतं. नवऱ्याला "थांबा" कसं म्हणायचं, सासू तीन हातांवर असताना?

आज रविवार. त्याला सुट्टी, ती कामाला जायची ती लाँड्री बंद, दुपारची वेळ आणि दोघांची झोप झालेली. सासूबाईही काही दुधखुळ्या नव्हत्या. पडदा लागलेला पाहून त्यांनी स्वतःच सुनेला हाक मारली.

"उजव्या कानाने तसंही ऐकू येत नाही मला. डाव्यात कापूस घाल."

तिने घातला. पडद्यामागून वायरमनने अगदी हळू विचारलं, "आई, ऐकू येतंय का?"

"येतंय की."

आणखी कापूस. "आता?"

"आता 'आता' म्हणालास."

तिघंही हसले. सुनेला तर हसता हसता पदर तोंडाला लावावा लागला. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तिला या घरात मोकळं वाटलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "असं कर, मला डाव्या कुशीवर वळव. चांगला कान उशीत दाबला जाईल. मग ढोल बडवलेत तरी मला कळायचं नाही."

"डाव्या कुशीवर नाही, आई," सून म्हणाली.

खाटेच्या वर भिंतीला नर्सने लिहून दिलेला कागद होता. दर दोन तासांनी पाठ, उजवी, पाठ, उजवी. 'डावी' या शब्दावर लाल फुली. डाव्या खुब्यावर पडून पडून झालेली जखम होती, दोन महिने ती भरून येत नव्हती. पाय हलत नव्हते, पण दुखणं सगळं जागं होतं.

"अर्ध्या तासाने काय होतंय? दुखलं तर हाक मारीन." सुनेला अजून घुटमळताना पाहून त्या जरा आवाज चढवून म्हणाल्या, "मी मेल्यावर संसार सुरू करणार आहात का?"

सुनेने पडदा बाजूला करून नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

नर्सने शिकवलं होतं तसा तिने एक हात खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना वळवलं. सासूबाईंनी श्वास आत ओढला आणि डोळे घट्ट मिटले.

"बरी आहे मी. जा तू."

पडद्याआड सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. टॉवेल घातला होता, घाई नव्हती. तो तिच्या केसांवरून हात फिरवत होता. "दुखतंय?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं, कारण अजून काही झालंच नव्हतं. पण तिचे कान खाटेकडे लागले होते. तिकडून हाक येत नव्हती. एकदा जरी आली असती तरी तिच्या जिवाला बरं वाटलं असतं.

"थांबा," ती म्हणाली. तोंडातून सहज निघालं. तो लगेच थांबला. त्यालाही तेच हवं होतं, हे तिला त्याच्या हातावरून कळलं.

घड्याळात वीस मिनिटं झाली होती. ती उठून पलीकडे गेली आणि तिने सासूबाईंना पाठीवर वळवलं. उशी डोळ्यांपाशी ओली होती. खाली चादरीवर तळहाताएवढा लाल डाग पडला होता. लाँड्रीत दिवसभर हेच बघणारी ती; चादर लगेच गार पाण्यात टाकली तर डाग जाईल, हे तिला दिसताक्षणी कळलं.

तिने कानातला कापूस काढला.

"झालं नीट?" सासूबाईंनी विचारलं.

नाही म्हणावं, तर त्या बाईने वीस मिनिटं सोसलेलं सगळं फुकट जाणार होतं.

"हो, आई."

सासूबाईंचा चेहरा असा खुलला, की सुनेला तिकडे बघवेना. "बघ, उगाच घाबरत होतीस. आता त्या कागदावर लिहून ठेव. दर रविवारी, तीन वाजता, डावी. नाहीतर विसरशील."

पडद्यामागे वायरमन कोरा टॉवेल घडी करून ठेवत होता.

कागदाशेजारी दोऱ्याला पेन्सिल बांधलेली होती. सुनेने ती घेतली आणि लाल फुलीच्या खाली तसंच लिहिलं. पडल्या पडल्या सासूबाईंना वाचता यावं म्हणून, जरा मोठ्या अक्षरात.