परवानाधारक

उजाडताच रोशनने कन्हानच्या पात्रात जाळे लावले. परवाना नसल्याने, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने जाळ्यावरचे तरंगते थर्माकोल आधीच काढून टाकले होते. थोड्या वेळाने, रोज पोहायला येणाऱ्या दत्तोपंतांचा पाय त्यात गुरफटला. रोशननेच उडी घेतली, जाळे कापले आणि त्यांना काठावर आणले.

"पोरा, देवासारखा धावून आलास रे!" दत्तोपंतांनी हात जोडले. रोशनची मान वर होईना.

तेवढ्यात काठावर गर्दी जमली आणि मत्स्य खात्याचे साहेबही आले. या घाटावर परवाना एकट्या म्हाताऱ्या बळीरामचा, तेव्हा जाळेही त्याचेच, असे सर्वांनी ठरवून टाकले आणि त्याला घरून बोलावून आणले.

"काहून गा बळीराम, आता माणसं पकडून राहिला का?" गर्दीतून कुणीतरी विचारले.

"मी तं तापानं घरीच पडून होतो जी," बळीराम विनवत राहिला. परवाना रद्द करण्यासाठी साहेबांनी त्याला जीपमध्ये बसवले.


रोशनने जीपचे दार उघडले, बळीरामला हात देऊन खाली उतरवले आणि त्याच्या जागेवर स्वतः जाऊन बसला.