बेहेऱ्यांचा तिसरा कॉम्प्युटर

रविवारी सकाळी चहाच्या वेळेला त्र्यंबकराव बेहेऱ्यांच्या कॉम्प्युटरने त्यांच्या घराण्याची तिसरी शाखा गिळली. एकशे बारा माणसं, मुलाबाळांसकट. आतून कटकट असा आवाज आला, पडदा निळा झाला आणि संपलं. पहिल्या दोन शाखा फ्लॉप्यांवर होत्या म्हणून वाचल्या.

त्र्यंबकराव निवृत्त झाल्यापासून बेहेरे घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. गावोगाव पत्रं धाडून त्यांनी नावं आणि फोटो जमवले होते. त्याआधी चौतीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि कागद हरवणं हा त्यांच्या लेखी गुन्हाच होता. त्यांनी मुलाला बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, की आमच्या कचेरीत साध्या रजेच्या अर्जाचीसुद्धा नक्कल ठेवत असत.

प्रभाकर शरमला. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरचंच काम बघायचा. चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे असले, की डोंबिवलीतले डॉक्टर आणि वकील त्यालाच गाठायचे. पण दुसऱ्याच्या घरी दहा मिनिटांत निर्णय देणारा हा माणूस स्वतःच्या घरी आला की अडायचा. मोठी डिस्क घ्यावी, तर तीही एक दिवस मान टाकणार. सीडी लिहिणारं यंत्र घ्यावं, तर रोज सीडी लिहीत बसणार कोण? त्याने वहीत तक्ता आखला. मग त्या तक्त्याच्या रकान्यांवरून विचार सुरू झाला. यात चार महिने गेले.

तोवर सामान वाढत होतं. अण्णांनी, म्हणजे त्र्यंबकरावांनी, तिसरी शाखा पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली होती. प्रभाकरच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या, चौऱ्याऐंशी कॅसेटी होत्या. त्यांतल्या काहींवर तिच्या आईने म्हटलेल्या ओव्या होत्या, आणि दमट हवेने त्यांना बुरशी धरायला लागली होती. प्रभाकर दर सुट्टीला दोन-दोन कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेत होता. त्या नीट राहतील का, एवढंच ती विचारायची. तक्ता बघून मात्र एक दिवस ती वैतागली.

"तुमच्या ऑफिसने तो जुना कॉम्प्युटर मोडीत काढलाय ना, तो आणा आणि लावा," ती म्हणाली. "तुमचं ठरेपर्यंत अण्णांची एक पिढी वाढेल."

प्रभाकरने तो आणला. त्यात एकसारख्या दोन डिस्क बसवल्या. एकीवर जे येईल ते दुसरीवरही जायचं. शोकेसच्या खालच्या कप्प्यातला डिनरसेट माळ्यावर गेला आणि तिथे हे धूड येऊन बसलं. अण्णांच्या आणि त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरपासून भिंतीच्या कडेने वायरी आल्या. रोज दुपारी एक वाजता हा तिसरा कॉम्प्युटर दोघांकडचं नवं जे असेल ते सगळं ओढून घ्यायचा. कोणीही कुठूनही उघडावं आणि आपली वस्तू बघावी, अशी सोय प्रभाकरने मुद्दाम केली. अण्णा रोज दीड वाजता आपले पूर्वज मोजून घ्यायचे. मंदाकिनी शनिवारी ओव्या लावून पोळ्या करायची. महिनाभर घरात कोणाचं काही हरवलं नाही. प्रभाकरला फार वर्षांनी स्वतःचं कौतुक वाटलं.

मग एका संध्याकाळी, जागा किती उरली ते बघावं म्हणून त्याने तिसरा कॉम्प्युटर उघडला.

त्याच्या स्वतःच्या कागदपत्रांचा कप्पाही त्यात जसाच्या तसा आला होता. तेवढा वगळायचं तो साफ विसरला होता. त्या कप्प्यात त्याचे राजीनामे होते. एक नव्हे, सात. पहिला दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतला. नोकरी सोडावी आणि कॉम्प्युटर जोडून द्यायचा स्वतःचा धंदा काढावा, हे त्याच्या मनात तेव्हापासून होतं. पण कायम नोकरी सोडणाऱ्याला अण्णा बेजबाबदार म्हणायचे, आणि मंदाकिनीच्या भावाने धंद्यात हात पोळून घेतले होते. म्हणून तो दर तीन-चार महिन्यांनी नवा मसुदा लिहायचा, तारखेची जागा मोकळी ठेवायचा आणि गप्प बसायचा.

हे कोणी बघितलं तर नसेल? त्याने घाईघाईने ते पुसायला घेतले. पुसताना मोजले. आठ निघाले.

आठवा त्याने लिहिलेला नव्हता. त्याने तो उघडला. त्याचाच सातवा मसुदा होता, पण जागोजाग तांबड्या अक्षरांत दुरुस्त केलेला. तीन ठिकाणचं 'नम्रपणे' उडवलं होतं. माफीचा अख्खा परिच्छेद गेला होता. 'घरगुती अडचणींमुळे' हे कारण खोडून तिथे 'स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यासाठी' असं घातलं होतं. आणि वर, दोन वर्षं मोकळ्या राहिलेल्या जागेत, तारीख होती.

चौतीस वर्षं तांबड्या शाईने दुसऱ्यांचे मसुदे सुधारणारा माणूस घरात एकच होता. प्रभाकर उठून गॅलरीत गेला. अण्णा तिथे पंचांग मांडीवर घेऊन बसले होते.

"अण्णा," तो कसाबसा म्हणाला, "माझं पत्र तुम्ही सुधारलंत?"

"छे. तांबडं सगळं मंदाचं," अण्णा पंचांगातून मान वर न काढता म्हणाले. "मी फक्त तारीख घातली. उद्या अमावास्या आहे, म्हणून परवाची."